सिनेमाचा आहेर

माझ्या मेहुण्याला बखीत वहदाननं भर बाजारात, टरबुजांच्या गाडीपाशी तीन गोळ्या घातल्या. कारण काय, तर पाण्याचा पंप आधी कुणी चालवायचा. दोनशे माणसं होती तिथं आणि कोर्टात त्यातल्या एकानंही काही पाहिलेलं नव्हतं. मीही नव्हतं. मी टरबूज निवडत होतो, असं न्यायाधीशाला सांगितलं. ते खोटं नव्हतं. गाडीखाली दडून बसल्यावर मला बखीतचे बूट दिसले होते, तेवढं मात्र मी गिळलं. आमच्या भागात रक्ताचा निवाडा कोर्टात करून घेणारा माणूस नामर्द समजला जातो, आणि मी तर नुसता बायकोचा भाऊ.

माझ्या बहिणीनं, तफीदाताईनं, नवऱ्याला पुरलं पण दारात खुर्च्या मांडू दिल्या नाहीत. ज्याचा खून झाला त्याच्या घरचे सूड घेतल्याशिवाय सांत्वन स्वीकारत नाहीत, ही आमची रीत. तोवर दारात मांडव नाही, कुराणाचं पठण नाही, बिनसाखरेची कॉफी नाही. आणि एक दिवस तिथं मांडव दिसला, तर गाव समजून जातं की समोरच्या घरातलं कुणीतरी पडलं. ताईच्या दारात अकरा वर्षं मांडव नव्हता.

बाप मेला तेव्हा तिची मुलगी दहब तेरा वर्षांची होती आणि मुलगा रस्लान नऊ. रस्लान अठराचा झाल्या दिवशी त्याचे चुलते बंदूक घेऊन आले. तो म्हणाला, "मला नाही जमणार." थोरल्या चुलत्यानं बंदुकीचा दस्ता उलटा धरून त्याच्या तोंडावर असा हाणला, की पुढचे दोन दात चटईवर पडले. ताई तिथंच उभी होती. चुलते गेल्यावर तिनं त्याचं तोंड मिठाच्या पाण्यानं धुतलं आणि म्हणाली, "दात गेले तर जाऊ देत. दोन वर्षं देते तुला. तोवर तू नाही उठलास, तर मी जाईन बंदूक घेऊन." ती गेली असती. माझी बहीण आहे, मला ठाऊक आहे.

दोन वर्षं येत्या ईदला संपत होती.

दहब अस्यूतला शिकायला गेली आणि उसना कॅमेरा घेऊन परत आली. तिनं सतरा मिनिटांचा सिनेमा केला. आई तीच, घर तेच, बंदूकही तीच, आणि मुलगा रस्लान, त्या दोन दातांच्या खिंडीसकट. ताई कॅमेऱ्यासमोर बसायला कबूल झाली ती एवढ्याचसाठी, की वहदान काय लायकीचे आहेत ते जगाला कळावं. दहबच्या मनात दुसरंच होतं. ते तिनं माझ्या दुकानात येऊन, दार लावून सांगितलं. माझं दुकान म्हणजे लग्नाच्या व्हिडिओचं, जिर्गा शहराच्या रस्त्यावर.

"मामा, पाच महोत्सवांना पाठवायचाय. बाहेरच्या देशांत. एकानं जरी घेतला तर रस्लानलाही आमंत्रण येतं. मुख्य नट आहे तो."

"आणि?"

"आणि तो परत येणार नाही."

मी दाराची कडी नीट लागलीय का ते बघून आलो. नंतर विचारलं, "मग अडलंय कुठं?"

"अर्जाबरोबर फी भरावी लागते. पाच मिळून दोनशे पासष्ट डॉलर."

मी मनात आमच्या पौंडांत हिशेब केला आणि शिवी हासडली. तेरा हजारांच्या वर जात होते. "नाही घेतला सिनेमा, तर परत देतात?"

"नाही."

"म्हणजे जुगार."

"जुगारच. घरात चाललाय त्यापेक्षा बरा."

पोरीची जीभ बापावर गेली होती. बापाचाही जीव त्या जिभेनंच घेतला, असं मी म्हणणार होतो, पण राहू दिलं.

माझ्याकडे रोकड नव्हती. पण आहेर होता. मी सहाशेच्या वर लग्नं चित्रित केली आहेत, आणि जिथं जेवलो तिथं आहेर केल्याशिवाय उठलो नाही. आमच्याकडे आहेर माइकवरून तीनदा नाव पुकारून होतो, आणि तुमच्या घरी कार्य निघालं की थोडी भर घालून परत येतो. माझ्या घरी कार्य निघणार कुठून? बायको दुसऱ्या वर्षीच माहेरी गेली ती गेली. माझा आहेर जिल्हाभर लोकांच्या घरात पडून होता. मी मोटरसायकल काढली आणि कालव्याच्या आमच्या काठावरची दारं ठोठावत सुटलो.

"शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर, तफीदाच्या दारात. सिनेमा दाखवतो आणि आहेर घेतो."

"कनावी, नवरी कोण?"

"पडद्यावर आहे. चांगली दिसते. सतरा मिनिटं टिकते. माझ्या बायकोपेक्षा जास्त."

लोक हसले आणि येतो म्हणाले. आहेर नाकारणं ही साधी गोष्ट नाही.

ताईची अट होती: ढोल नाही, बायकांचं लग्नातलं किलकिलणं नाही, रंगीत दिवे नाहीत. नवऱ्याचं रक्त वाळलं नसताना तिच्या दारात वाजंत्री चालणार नव्हती. दुपारी उन्हात पडद्यावर काही दिसायला हवं, तर मांडव चारी बाजूंनी जाड, काळपट कापडानं बंद करावा लागणार होता. सरबत द्यायचं, तर त्या महिन्यात बाजारात साखर नव्हती. रांगेत डोकी फुटत होती साखरेसाठी. म्हणून बिनसाखरेची कॉफी. मांडववाल्यानं खुंटी जमिनीवर टेकवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"कनावी, हे कशासारखं दिसतंय ते कळतंय का तुला?"

"सिनेमासारखं दिसतंय. खुंट्या ठोक."

"पलीकडच्या काठाला सांगितलंस?"

"वहदानांना? त्यांना कशाला बोलवू, मिरवायला?"

त्यानं खांदे उडवले आणि खुंट्या ठोकल्या. त्यानं आणखी एकदा विचारलं असतं तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता, अशा गुर्मीत होतो मी त्या दिवशी.

शुक्रवारी नव्वद माणसं आली. आत मिट्ट काळोख, समोर पडदा म्हणून घराची चुना दिलेली भिंत, मागे प्रोजेक्टर आणि माझा कॅमेरा तिपाईवर. आहेराची नोंद मी नेहमी कॅमेऱ्यातच ठेवतो. वहीला लोक खोटं पाडतात, चित्राला पाडता येत नाही. सगळ्यांना फोन बंद करायला लावले. "ज्याचा वाजेल त्याचा कॉफीच्या किटलीत टाकीन," म्हणालो.

सिनेमा सुरू व्हायच्या बेतात असताना तोंडाला मफलर गुंडाळलेला एक जण कापड उचलून आत आला आणि माझ्याजवळ वाकला. खलफ वहदान. बखीतचा पुतण्या, एकविसावं चालू असलेला, गेल्या वर्षी लग्न झालेला. नवरीकडच्यांनी मला बोलावलं होतं म्हणून मी ते लग्न चित्रित केलं होतं, आणि जेवलो म्हणून पाचशे ठेवले होते.

"कनावीचाचा, तुमचे पाचशे होते माझ्याकडे," तो कानात म्हणाला. "हे सहाशे घ्या. नाव तेवढं घेऊ नका."

"काकाला माहितीय?"

"कुणालाच माहीत नाही. फोन पण बंद केलाय. जातो मी."

"आलायस तर बस की. तुझा वर्गमित्र आहे पडद्यावर."

पाचवीपर्यंत तो आणि रस्लान एका बाकावर बसत. रस्लाननं त्याला ओळखलं होतं. त्यानं कॉफी आणून त्याच्या हातात दिली आणि शेजारी बसला. खिडकीतून ताई बघत होती. तिनं मफलर पाहिला, पण माणूस ओळखला नाही.

सिनेमाची पहिली दोन मिनिटं पडदा काळा राहतो आणि फक्त पठण ऐकू येतं. दहबनं ते का केलं ते तिलाच माहीत. माझे कर्णे लग्नाचे, चार मोठे, जिर्ग्यापर्यंत ऐकू जाणारे. मी आवाज कमी केला नाही. आवाज कमी करणं माझ्या स्वभावात नाही.

मग सिनेमा चालला. बंदूक हातात घेऊन रस्लान अंगणात थरथरत उभा राहतो, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मार ना रे, काय बघतोस?" आणि सगळे हसले. चुलते हसले नाहीत. शेवटी तो बंदूक विहिरीत टाकतो. त्यावर कुणी हसलं नाही, कुणी टाळीही वाजवली नाही. थोरला चुलता थुंकला.

मी माइक घेतला. नावं पुकारू लागलो. तीनशे, पाचशे, खाटकाचे हजार. थैली भरत चालली तसा मला कैफ चढत गेला. सहाशेची पुरचुंडी हातात आली तेव्हा वाटलं, अकरा वर्षांत कुणाला जमला नाही तो समेट मला आत्ता, या माइकवर जमणार आहे. त्या पोरानं कानात सांगितलं होतं नाव घेऊ नका. मी घेतलं. रीतीप्रमाणे तीनदा.

"खलफ वहदान! खलफ वहदान! खलफ वहदान!"

सगळ्यांच्या माना वळल्या. खलफनं क्षणभर माझ्याकडे असं पाहिलं, की ती नजर अजून माझ्या मागे आहे. मग तो उठला, मफलर काढला आणि छातीवर हात ठेवून सगळ्यांना सलाम केला. दहब रडायला लागली. माझेही डोळे भरले. मूर्ख माणूस.

पलीकडच्या काठावर काय झालं ते मला नंतर कळलं. त्यांना ताईच्या दारात काळपट मांडव दिसत होता. माणसांची रीघ दिसत होती. पठण ऐकू आलं. मग बराच वेळ नीट काही कळेना, आणि मग कर्ण्यावर त्यांच्या पोराचं नाव, तीन वेळा. पोरगं घरात नव्हतं आणि फोन लागत नव्हता. तफीदानं सांत्वन स्वीकारलं, म्हणजे सूड पुरा झाला, म्हणजे खलफ गेला. त्याची आई बद्रिया अंगणात माती डोक्यावर घेत राहिली आणि बखीतनं बंदूक उचलली. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

आम्हाला आधी गाडीचा ब्रेक ऐकू आला. मग कापडातून गोळ्या आल्या. भोकांमधून उन्हाच्या काड्या आत घुसल्या आणि त्या काड्यांमध्ये माणसं पडायला लागली. मांडववाल्याचं मनगट फुटलं. खाटकाच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडाली आणि तो बोकडासारखा ओरडला. लोक खुर्च्या तुडवत, एकमेकांच्या अंगावरून घराकडे पळाले. मी जमिनीवर पालथा होतो. पुन्हा एकदा.

बखीत कापड फाडून आत आला. उन्हातून काळोखात आलेला माणूस. त्याला प्रोजेक्टरच्या उजेडातला रस्लान तेवढा दिसला. त्यानं नेम धरला. खलफ मध्ये आला, दोन्ही हात वर करून.

"काका, मी आहे! मी इथंच आहे, काका!"

बंदूक वाजली. गोळी त्याच्या गळ्यात शिरली. तो उभाच राहिला, हातांनी गळा दाबत, आणि बोटांमधून रक्त उसळत राहिलं, मग गुडघ्यांवर आला. बखीतनं बंदूक खाली केली. त्यानं पाहिलं. चांगलं पाहिलं, पोराचा चेहरा दिसेपर्यंत. मग मागे वळून बाहेरच्यांना ओरडला, "आधीच मारलाय त्यांनी पोराला! चला!" आणि गाडी गेली.

ताई खिडकीतून उडी टाकून आली. तिनं खलफचं डोकं मांडीवर घेतलं आणि डोक्यावरची ओढणी त्याच्या गळ्यात कोंबली. तो काहीतरी बोलू पाहत होता, पण तोंडातून बुडबुडेच येत होते. रस्लान त्याचा हात धरून बसला होता. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात पोरगं संपलं.

पोलिस आले, काडतुसांच्या पुंगळ्या वेचल्या आणि कुणी काय पाहिलं ते विचारलं. कुणी काही पाहिलं नव्हतं. कॅमेरा मी तोवर पिठाच्या पिंपात पुरला होता.

दुसऱ्या दिवशी वहदानांनी खलफला पुरलं आणि दारात एकही खुर्ची मांडली नाही. त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळत होता. आता रस्लानची पाळी. ईदपर्यंतसुद्धा नाही, दोन-चार दिवस.

चुलते मात्र खुशीत आले. थोरला मिशीवर ताव देत म्हणाला, "एकास एक झालं, वहिनी. कुणाच्या का हातानं होईना. मांडव आहेच, सांत्वन घेऊन टाक."

ताईनं रक्तानं ताठ झालेला झगा अजून बदलला नव्हता. "तो पोरगा माझ्या दारात आहेर घेऊन आला होता," ती म्हणाली. "माझ्या घरची कॉफी प्यायला होता. त्याला माझ्या नवऱ्याच्या बदल्यात मोजणाऱ्याची मी जीभ कापीन. चालते व्हा." तो हसला. तिनं कॉफीची पितळी किटली उचलून त्याच्या कपाळात घातली. त्याला धरून न्यावं लागलं.

मग ती माझ्याकडे वळली. "तुझ्या कॅमेऱ्यात आहे ना सगळं?"

"आहे. त्याचं बोलणंसुद्धा आहे."

दहब कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, "आई, ते मला दे. शेवटी जोडते. ते जोडलं तर एकही महोत्सव नाही म्हणणार नाही. रस्लान महिन्याभरात बाहेर पडेल."

ताईनं तिच्या तोंडात मारली. ओठ फुटला. मग आहेराची थैली आणून तिच्या मांडीवर टाकली. "पैसे भर. जो आहे तोच पाठव. बद्रियाचा मुलगा मी विकायला काढणार नाही."

दहबनं ओठ पुसला आणि संगणक उघडला. त्या दिवशी एका महोत्सवाची शेवटची तारीख होती.

आम्ही तिघं निघालो. ताई, रस्लान आणि कॅमेरा घेऊन मी. कालव्यावरचा पूल ओलांडला. वहदानांच्या अंगणात पंधरा-वीस बंदुका होत्या. रस्लानला पाहताच सगळे उठले. एकानं त्याच्या छातीवर नळी टेकवली. ताई त्या नळीला हातानं बाजूला सारत म्हणाली, "आधी बद्रियाला भेटू द्या. मग मारायचं तर मारा, आम्ही कुठं पळत नाही." बाईमाणूस स्वतःहून अंगणात आली, तिला कोण अडवणार?

बद्रिया चटईवर बसली होती. चेहरा नखांनी ओरबाडून काढलेला. मी कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिच्यापुढं धरला. तिनं माझं मनगट पकडून तो जवळ ओढला. तिनं सगळं पाहिलं. पोराचं "काका, मी आहे" ऐकलं. दिराचं पाहणं पाहिलं आणि नंतरचं ओरडणंही ऐकलं. ती रडली नाही.

"थोडं मागे घे," ती म्हणाली.

मी मागे घेतलं. खलफ मफलर काढतो आणि छातीवर हात ठेवतो.

"इथं थांबव."

मी म्हणालो, "वहिनी, नाव मी पुकारलं. त्यानं नको म्हटलं होतं." ती माझ्याकडे बघेपर्यंत मी बोलत राहिलो. मग ती माझ्या तोंडावर थुंकली. मी पुसलं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून मी तिच्या हातात ठेवलं, आणि ती उठून अंगणात गेली.

बखीत भिंतीशी बसला होता, बंदूक मांडीवर. बद्रिया त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मूठ उघडून कार्ड दाखवलं. नखाएवढं ते, पण त्याला कळलं. त्याचा चेहरा राखेच्या रंगाचा झाला.

"भावजी, खुर्च्या मांडा," ती म्हणाली.

पुतण्यांपैकी कुणीतरी ओरडलं, "चाची, सूड घेतल्याशिवाय?"

"सूड कुणावर घ्यायचा ते मला कळलंय. तो मी माझ्या पद्धतीनं घेणार." ती बखीतवरून नजर न काढता बोलत होती. "तुम्ही दारात उभे राहा, भावजी. सगळ्यांत पुढं. तीन दिवस. जो येईल त्याचा हात हातात घ्यायचा आणि त्याचं बोलणं ऐकायचं. एक माणूस चुकवलात, तर हे मी पोरांना दाखवीन."

खुर्च्या आल्या. पठण सुरू झालं. बखीत उंबऱ्याबाहेर उभा राहिला, बंदुकीशिवाय, हात लोंबकळत. पहिला रस्लान गेला. त्यानं हात पुढं केला. सगळं अंगण थांबून पाहत होतं, कारण सांत्वनाच्या रांगेत ज्याचा हात घेतला त्याच्यावर मग बंदूक उचलता येत नाही. बखीतनं हात घेतला. रस्लान नंतर सांगत होता, तो हात घामानं निसटत होता.

त्याच्यामागे ताई उभी राहिली. बायका पुरुषांच्या रांगेत येत नाहीत, पण कुणी तोंड उघडलं नाही. तिच्या झग्यावर खलफचं रक्त होतं. अकरा वर्षांत ती आपल्या नवऱ्याला मारणाऱ्याच्या इतकी जवळ कधी आली नव्हती. मला वाटलं, आता ही कंबरेतून सुरा काढणार. तिनं फक्त सांत्वनाला सगळे म्हणतात ते म्हटलं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

"गेलेल्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला लाभो, बखीत."

यावर उत्तर द्यायचं असतं. बखीतचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मागची रांग खोळंबली. खलफला एकविसावंच चालू होतं. उरलेलं पुष्कळ होतं, आणि ते सगळं आता बखीतला जगायचं होतं.